मशीन चालू असताना

नणंद : म्हणजे तुमच्याकडे ते लोंबतं घड्याळ वगैरे काही नाही?

डॉक्टर : भिंतीवर एक आहे. ते वेळ बघायला.

नणंद : वहिनी, तू बस आधी. तिसऱ्यांदा खिडकीपाशी गेलीस.

वहिनी : बसते. डॉक्टर, मी झोपले आणि उठलेच नाही तर? घरी मुलगी आहे.

डॉक्टर : संमोहन म्हणजे झोप नव्हे. माझा आवाज ऐकू येईल, बाहेरचे हॉर्नही येतील. नको वाटलं तर डोळे उघडायचे आणि उठून जायचं.

नणंद : मी एका कार्यक्रमात पाहिलंय. चांगला बँकेतला माणूस, स्टेजवर कोंबड्यासारखा आरवला.

डॉक्टर : त्याची आरवायची तयारी असणार. मनाविरुद्ध मी कोणाकडून साधा चहा करून घेऊ शकत नाही.

वहिनी : मला मनातलंच बाहेर काढायचंय. पाच महिने झाले. गणवेशांची ऑर्डर होती, मशीन चालू होतं. हे कामाला निघाले, दारात थांबले, काहीतरी बोलले. मी मान वर केली नाही. नुसतं 'हं' म्हटलं. इमारती रंगवायचे हे. दुपारी फोन आला, परांची तुटली म्हणून.

नणंद : तेव्हापासून सगळ्यांना विचारत फिरते. दादा काय बोलला, काय बोलला. शेजारीण घरात नव्हती, मुलगी शाळेत होती.

वहिनी : कानावर पडलंय म्हणजे आत कुठंतरी असणारच ना? तेवढं काढून द्या.

डॉक्टर : नाही जमणार. संमोहनात माणसाला खूप काही ऐकू येतं, पण त्यातलं किती खरं आणि किती मनानं रचलेलं, हे मलाही ओळखता येत नाही. आणि एकदा ऐकलं की ते खरंच वाटायला लागतं. जन्मभर.

वहिनी : रचलेलं चालेल मला.

नणंद : काय बोलतेस हे?

वहिनी : काहीतरी ऐकू तर येईल, वन्सं. आत्ता नुसतं मशीन ऐकू येतं.

नणंद : माझ्याकडे येतो म्हणाला असेल. डॉक्टर, दोन वर्षं आम्हा भावाबहिणीत बोलणं नव्हतं. चूक माझी होती. जायच्या आधी चार दिवस त्यानं आमच्या मावसभावाकडे माझा नवा नंबर मागितला होता.

वहिनी : हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही.

नणंद : कुठल्या तोंडानं बोलू?

डॉक्टर : बघा, आता यांना डोळे मिटायला सांगितलं तर हेच ऐकू येईल. तुम्ही पेरलंत, मी पाणी घालायचं. म्हणून ते मी करणार नाही.

(वहिनी उठून दारापर्यंत जाते, परत येऊन बसते.)

नणंद : मग आम्ही आलो कशाला?

डॉक्टर : मशीनवर बसता का हल्ली?

वहिनी : पाय ठेवला की छातीत धडधडतं. कुठं दुसरीकडे वाजलं तरी कान झाकते. विकायला काढलंय.

डॉक्टर : त्यात मदत होऊ शकेल. एका बैठकीत नाही, चार-सहा वेळा यावं लागेल. गुण येईलच असं वचन देत नाही.

वहिनी : आणि ते बोलले ते?

डॉक्टर : ते माझ्या हातात नाही.

नणंद : कोण जाणे, बोललाही नसेल काही. नुसता उभा राहिला असेल.

वहिनी : बोलले. जाता जाता वळून बोलले, एवढं मला पक्कं माहीत आहे. वन्सं, तुमच्याबद्दल होतं की नाही, ते नाही सांगता येणार. खोटं सांगू नये मी तुम्हाला.

नणंद : नको सांगूस.

वहिनी : डॉक्टर, डोळे मिटायचे का?

डॉक्टर : मिटलेत तर बरं. उघडे ठेवलेत तरी चालेल.

नणंद : मी बाहेर थांबते.

वहिनी : बसा इथंच.