भिंतीआडचा जोड

मले वेल्डरचं काम कसं भेटलं, ते तुमाले सांगतलंच नाही वाटते. तवा भिलाईचा कारखाना उभा होऊन राहिला होता, अन् मी भंडाऱ्याहून ट्रेनिंगले आलो होतो. परीक्षेचा पाइप भिंतीले इतका चिकटून, का जोडाची मागची बाजू दिसेच ना. माह्याआधीचे चौघं फेल झाले. पाणी भरलं का मागून गळे.

आमचे नागपूरचे उस्ताद म्हणे, "तू राहू दे. पुढच्या बारीले बस."

म्या म्हटलं, "उस्ताद, आरसा आणू का?"

"कावून? भांग पाडतं का?"

सारे हासले. मी गेटबाहेरच्या न्हाव्याचा आरसा मागून आणला, तारेनं मागं बांधला अन् त्यात पाहून जोड भरला. आरशात हात उलटा चाले. घामानं सदरा भिजला.

मंग पाण्याचं प्रेशर देलं. परीक्षा घेणाऱ्या रशियन साहेबानं जोडामागून हात फिरवला अन् कोरडा पंजा साऱ्याइले दाखवला. दुभाष्या म्हणे, "साहब बोल रहे हैं, कल से इन चारों को तू सिखाएगा."

उस्ताद हळूच म्हणाले, "पाच म्हण. मीबी येतो."