पुन्हा भरलेली बरणी

पुरवणी जबाब, दि. १७ मे, सकाळी ९ वाजून १० मिनिटे.

नाव सालकिन ओसमोनोव्हा, वय ६१ वर्षे, धंदा वनौषधी डेपोत नमुन्यांचे कपाट सांभाळणे, राहणार साराबुलाक, गिरणीच्या मागे.

मी समक्ष सांगते की, काल दुपारी तीन वाजता याच टेबलासमोर मी एक जबाब दिला. खोकल्याच्या मुळाचा चहा पिऊन इस्पितळात गेलेल्या कालिपाबाईंच्या घरातून आणलेल्या पाकिटातले मूळ आमच्या बरणीतल्या नमुन्याशी जुळते, म्हणजे ते खोकल्यावरचे अंदीझच आहे, असे मी त्यात म्हटले. त्यावरून पाकीट निर्दोष ठरले आणि चहात कोणीतरी काहीतरी कालवले असे ठरले. चहा सुनेने केला होता. सासू-सुनेचे पटत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. म्हणून त्या सुनेला, नुरझातला, आपण कालपासून इथे बसवून ठेवले आहे.

पाकिटातले मूळ अंदीझ नाही. बरणीतलेही नाही. दोन्हीकडे बचनागासारखे विषारी मूळ आहे.

पुढचे लिहिण्याआधी बाजारातल्या दोन दुकानांत माणूस पाठवा, आमच्या डेपोने ज्या पोत्यातून हे पाकीट भरले त्याच पोत्यातली एकेचाळीस पाकिटे तिथे आहेत, असे मी म्हटले. "आधी जबाब पुरा होऊ द्या," असे साहेब म्हणाले. मी म्हटले, "तोवर कोणी चहा ठेवला तर त्याचाही जबाब तुम्हीच घ्याल का?" साहेबांनी माणूस पाठवला. इस्पितळात मी येतानाच सांगून आले. कालिपाबाई डोळे उघडतात, पण बोलत नाहीत.

माझे काम असे. डोंगरावरून मुळांची पोती येतात. प्रत्येक मुळाची एक बरणी बिश्केकहून मोहोर लावून आलेली असते. तिच्यातला तुकडा काढायचा, पोत्यातल्या तुकड्याशेजारी ठेवायचा, रंग, तुटलेली कड, वास पाहायचा आणि जुळले तर सही करायची. हे मी चौतीस वर्षे करते आहे. प्रत्येक तपासणीत चिमूटभर माल जातो. मार्चमध्ये अंदीझच्या बरणीचा तळ दिसू लागला. नवा नमुना मागवला की दीड महिना लागतो. त्याच आठवड्यात सुयून नावाच्या खणणाऱ्याने पोते आणले. मुळे जाडजूड, स्वच्छ होती. मी त्यातली दोन ओंजळी घेऊन बरणी भरली. पोत्याची तपासणी तेव्हा व्हायची होती. ती मी पाच दिवसांनी केली, त्याच बरणीतला तुकडा काढून. जुळले. जुळणारच होते.

सुयूनने मुद्दाम केले असे मला म्हणायचे नाही. त्या उतारावर दोन्ही उगवतात. पाला वाळून गेल्यावर उकरले की चूक होते, आणि ती चूक धरण्याचाच मला पगार मिळतो. अंदीझचा वास लपत नाही. पण मागच्या हिवाळ्यातल्या तापापासून मला वास येत नाही. हे मी डेपोत कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर कपाटाची किल्ली गेली असती.

बरणी भरल्याचे काल मला आठवले नव्हते. हे खोटे वाटेल, पण खरे आहे. संध्याकाळी सात वाजता शेजारणीचा वाडगा परत द्यायला निघाले. सकाळी तिने दही दिले होते. वाडगा रिकामा कसा द्यायचा, म्हणून हाताने आपोआप त्यात बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचे तुकडे, भरले. शेजारीण दारातच होती. ती म्हणाली, "अगं, असू दे की. दर वेळी भरूनच देतेस." तेव्हा माझा हात थांबला. रिकामे भांडे मला बघवत नाही. मार्चमध्येही बघवले नव्हते.

डेपो सकाळी सातला उघडतो. कपाटाच्या तळाशी जुना कागद आहे. त्यावर अंदीझचे पान, फूल आणि मुळाचा काप माझ्या शिक्षिकेने दोऱ्याने शिवलेले आहेत. शिवलेल्यात भर घालता येत नाही. मी बरणीतला तुकडा शेजारी ठेवला. अंदीझच्या तुटलेल्या कडेवर तेलाचे चकचकीत ठिपके असतात, बरणीतल्यावर एकही नव्हता. तरी मन मानेना, म्हणून कणभर जिभेवर ठेवून थुंकले. दोन तास झाले, जीभ अजून बधिर आहे. बोलताना मी अडखळते आहे ते त्यामुळे. कागद आणि बरणी सोबत आणली आहे.

डेपोचे व्यवस्थापक तोक्तोसुन फाटकापाशी भेटले. ते म्हणाले, "काल जुळलं म्हणालीस ना? मग झालं तर. निवृत्तीला सात महिने राहिलेत, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेस?" मी थांबले नाही.

काल मी इथून बाहेर पडताना नुरझात बाकावर बसली होती. तिने विचारले, "सालकिन एजे, तुम्ही नीट पाहिलंत ना?" मी म्हटले, "चौतीस वर्षं तेच करतेय." तिला धाकटे मूल आहे, ते अंगावर पिते. तिच्या झग्याचा पुढचा भाग ओला झाला होता. मी ते पाहिले आणि निघून गेले. आज येतानाही ती त्याच बाकावर होती. मला तिच्याकडे बघवले नाही.

जबाब देताना दार मिटले की ते उघडायला मी खुर्चीवरून वरचेवर उठत होते, अशी नोंद घ्यायची असेल तर घ्यावी. दार उघडे ठेवा एवढेच मी सांगितले होते, म्हणजे बाकावर नुरझातला ऐकू जाईल.

मी बोलले तसेच साहेबांनी लिहिले आणि मोठ्याने वाचले. मी ते उभ्यानेच ऐकले. कालच्या जबाबाशी हा जुळत नाही. बरोबर हा आहे.

सही: सालकिन ओसमोनोव्हा