माह्या डाव्या हातच्या जुड्या

माहं माहेर हिंगणीचं. धरनाच्या पान्यावर बापाची भाजीची वाडी, वांगे, पालक, सांभार, सांभार म्हनजे तुमची कोथिंबीर, आन मी जन्माची डावरी, अंबाडीच्या वाखानं, सालीच्या दोऱ्यानं, पीळ देऊन जुड्या बांधायची त्या बी डाव्याच हातानं, बाप म्हने हात चालते ना, झालं. लगन होऊन वर्ध्याले आली, रेल्वेपट्टीच्या बाजूच्या वस्तीत, तं सासूनं पह्यल्या जेवनालेच हात धरला. डाव्या हातानं वाढत असते का वं? बारा वर्स तेच. वाढलं तरी बोलनं, कुंकू लावलं तरी बोलनं. काय सांगू ताई तुमाले, मले वाटे ह्या बाईचा एक गोड शब्द आयकल्याबिगरच मी मरीन.

आता वस्तीचं सांगतो. जिल्ह्यात दारूबंदी हाये, पन आमच्या गल्लीत एखांद्या दिवशी दूध नाई येनार, दारू येते, आन आता गांजा बी. धंदा बाल्याचा. पोलीस चौकीचा जमादार त्याच्याच ओट्यावर चहा प्यायचा, आन माह्या टोपलीतली भाजी फुकट न्यायचा, वरून म्हने वांगे कवळे देत जा. एक दिवस बाल्या मले म्हन्ते, वहिनी, आपल्या पुड्या तुमच्या जुड्यायमंधी ठेवजा, गिऱ्हाइक येऊन नेईन, भाजीवालीले कोन तपासते. मी नाई म्हटलं. आठ दिवसांत माह्या मालकाचा हात मोडला त्याच्या पोट्ट्यायनं, सळईनं, भर बजारात, आन कोनीच पाह्यलं नाई म्हने. मालक हमाल मानूस, हात गेला तं काम गेलं. लय भेव वाटलं, पन मी नाईच म्हटलं.

मंग एका बजाराच्या दिवशी, जुड्या बांधून ओसरीवर ओल्या पोत्याखाली ठेवल्या होत्या, आन मी आन सासू सकाळी नळावर गेलतो. येऊन टोपली उचलली, बजारात बसली, बाजूले सासू मिरच्या घेऊन. तेवढ्यात जमादार आला, संगं नवीन आलेली फौजदार बाई. जमादारानं वांगे नाई पाह्यले, पालक नाई पाह्यला, सिधा सांभारातून तीन जुड्या काढल्या. दोन बांधल्या तशाच फाकवल्या, दोन्हीत गांजाच्या पुड्या. घरी पोरगी पाच वर्साची, मी जेलात गेली तं तिले कोन पाहीन? आन सासू आता म्हनीन, ह्या डावरीनंच घर बुडवलं.

सासू उठली. तिसरी जुडी जमादाराच्या हातातून घेतली आन फौजदार बाईसमोर धरली.

बाई, हे माह्या सुनंची जुडी नाई. ते डावरी हाये. बारा वर्स झाले मी तिले त्याच्यावरून बोलून राह्यली. तिच्या हातचा पीळ उलटा पडते, हा पाहा, सुलटा हाये.

फौजदार बाईनं माह्या हाती वाख देला, म्हने बांध. मी तिथंच बसून बांधली, पीळ उलटा. मंग तिनं टोपलीतल्या एकेक जुडी पाह्यली, साऱ्या उलट्या पिळाच्या, तेवढ्या तीनच सुलट्या. आमी नळावर होतो तवा कोनी तरी सोडून, पुड्या भरून, आपल्या हातानं बांधल्या होत्या. बाई जमादाराकडे वळली, म्हने, ह्याच तीन जुड्या उचलायच्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं हो?

जमादाराची बदली झाली. बाल्या आत गेला, सुटून आला, गल्ली बदलली, धंदा नाई बदलला. खोटं काऊन सांगू. पन माह्या टोपलीजवळ कोनी येत नाई, मालकाचा हात जुळला, पोरगी शाळेत जाते. त्या फौजदार बाईचं देव भलं करो, तिनं गरिबाचं आयकून घेतलं.

आन सासू. तिले औंदा अर्धांग झाला, उजवी बाजू गेली. मी म्हनतो, आत्याबाई, आता तुमी बी डावऱ्या झाल्या, तं हासते. गोड शब्द अजून नाई बोलली, मले नाई पायजे आता, जे बोलाचं ते ती बजारात बोलून गेली. मीच भरवतो तिले, डाव्याच हातानं. घासाकडे नाई, अगुदर त्या हाताकडे पाहते. मंग तोंड उघडते.