शेवटच्या रांगेतला माइक

(ताई परदेशातल्या बैठकीहून नुकतीच परतली आहे. बॅग अजून दारातच.)

भाऊ : म्हणजे मी घासूनपुसून लिहिलेलं भाषण तू वाचलंच नाहीस?

ताई : अरे, बूट तरी काढू दे. पहिलं वाक्य वाचलं.

भाऊ : आणि माझी कलमं?

ताई : वकीलसाहेब, एकच मिनिट मिळालं. तेही भांडून. दिवसभर देश बोलले. आमच्या ग्रंथालयासारख्या संस्था मागच्या रांगेत, त्यांची पाळी सगळ्यांच्या शेवटी. तोवर दुभाषे निघायच्या तयारीत. अध्यक्ष म्हणाले, संस्थांनी आपलं म्हणणं लेखी द्यावं.

भाऊ : तू ऐकून घेतलंस?

ताई : संस्थांना हरकत घेता येत नाही. मी नुसती नावाची पाटी उभी धरली, म्हणजे बोलायचंय अशी खूण. शेजारी प्रकाशक संघटनेच्या बाई. एरवी आमचं विळ्याभोपळ्याचं, पण त्यांनीही धरली. मग एका छोट्या देशाचा प्रतिनिधी म्हणाला, ज्यांच्यासाठी करार करतोय त्यांचं ऐकल्याशिवाय मी मान डोलावणार नाही.

भाऊ : शहाणा माणूस. आणि त्या मिनिटात तू काय उजेड पाडलास?

ताई : तुझी गोष्ट सांगितली.

भाऊ : माझी?

ताई : म्हटलं, माझ्या भावाला दिसत नाही. आमच्या ग्रंथालयात त्यानं एका रहस्यकथेचा पहिला भाग ऐकला. दुसरा भाग शेजारच्या देशातल्या ग्रंथालयानं वाचून रेकॉर्ड केलाय, पण कॉपीराइटमुळे सीमेपलीकडे पाठवायला बंदी. हा करार बंदी उठवतोय खरा, पण त्यात अट घुसवलीय, की पाठवणाऱ्यानं आधी आमचा सगळा बाजार धुंडाळायचा, पुस्तक तिथं विकत मिळतं का ते पाहायचं. एवढी उठाठेव कुठलं ग्रंथालय करणार? तोवर माझ्या भावाला खुनी कोण ते कळायचं नाही.

भाऊ : एवढ्या देशांसमोर माझी अब्रू घालवलीस. मी कायद्याचीही पुस्तकं ऐकतो.

ताई : ती सांगितली असती तर कोणी हसलं नसतं. दुभाषीणसुद्धा हसली, हेडफोनमध्ये ऐकू आलं.

भाऊ : हसण्यावारी नेलं म्हण की. अटीचं काय?

ताई : प्रकाशकांच्या बाईच बोलल्या. शोधाशोध नको, पाठवलं की आम्हाला कळवा, एवढं पुरे. मग अटीसाठी अडून बसलेल्या देशांचा आधारच गेला. अट मसुद्यातून निघाली.

भाऊ : निघाली? आणि हे तू आत्ता सांगतेस?

ताई : तू भाषणावरून खाली उतरशील तेव्हा ना. सह्या अजून व्हायच्यात, पुढच्या बैठकीत.

भाऊ : होतील. आणि तो खुनी?

ताई : बाहेर पडताना एकजण म्हणाला, मी वाचलंय, सांगू का? मी कानांवर हात ठेवले.

भाऊ : बरं केलंस. ताई, त्या सभागृहात माझ्यासारखे न दिसणारे किती होते गं?

ताई : एक येणार होते. त्यांना व्हिसाच मिळाला नाही.

भाऊ : म्हणजे सगळी चर्चा आमच्याबद्दल, आणि आमच्यातलं कुणीच नाही.

ताई : परतताना विमानात तेच डोक्यात होतं. पुढच्या खेपेला तू चल. बोलायचं तू, बॅगा मी उचलीन.

भाऊ : कलमं वाचली तर चालेल?

ताई : दोनच. बाकी गोष्ट.

भाऊ : बघू. आपली पाळी आली हे कळतं कसं?

ताई : माइकवर लाल दिवा लागतो.

भाऊ : वा. मला त्याचा काय उपयोग?

ताई : मी तुझ्या खांद्यावर हात ठेवीन.