आजोबांना हुंकार

चिहारू: बाबा परत गप्प झाले! बघितलंस ना वुलान? अर्धं वाक्य बोलतात आणि खिडकीकडे तोंड फिरवून बसतात.

वुलान: ताई, तो फोन जरा बाजूला ठेवता?

चिहारू: रेकॉर्ड करतेय गं. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचं बोलणं म्हणजे तोंडात गरम बटाटा. आत्ता कळलं नाही तर पुन्हा ऐकता येईल. तीन वाजता ऑफिसात सही करायची आहे. त्यांना योकोहामाला माझ्याजवळच्या वृद्धाश्रमात न्यायचं, की इथेच, या किनाऱ्यावरच्या आश्रमात ठेवायचं? त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही.

वुलान: ऐकताना तुम्ही किती शांत बसता!

चिहारू: मग? श्वाससुद्धा रोखून धरते. एक शब्द सुटायला नको.

वुलान: म्हणूनच थांबतात ते.

चिहारू: म्हणजे?

वुलान: मी इंडोनेशियाहून इथे कामाला आले, ती भाषेची परीक्षा पास होऊन. पुस्तकातलं जपानी तोंडपाठ! पहिल्याच दिवशी आजोबा काहीतरी बोलले आणि माझी दांडी गुल. अर्धं गिळलेलं, अर्धं कोळीवाड्यातलं. घाबरून नुसती 'हं... हं... अस्सं' करत राहिले.

चिहारू: न कळता?

वुलान: काऽही न कळता! लबाडीच की. पण ते अर्धा तास बोलले. रोज तीच गोष्ट. आधी मला होडी कळली, मग वादळ, आणि एक दिवस अख्खी गोष्टच समोर उभी. कधी कळायला लागलं तेच कळलं नाही.

चिहारू: कमाल आहे तुझी. अगं, हुंकार तर आम्ही जपानी फोनवरसुद्धा देतो. कुणी दिला नाही तर वाटतं, लाइन तुटली.

वुलान: आजोबांनाही तेच वाटत असेल.

चिहारू: अगं बाई! दोन दिवस मी त्यांच्यासमोर बंद फोनसारखी बसलेय.

(ती फोन पर्समध्ये टाकते आणि खुर्ची वडिलांच्या, म्हणजे तोकुजींच्या, अगदी गुडघ्याशी ओढते.)

चिहारू: बाबा, माझ्याकडे यायचं, की इथं राहायचं?

तोकुजी: तुझ्याकडं... खिडकीतून...

चिहारू: हं.

तोकुजी: भिंत दिसती.

चिहारू: हं... हो, दिसते खरी.

तोकुजी: इथनं होड्या. कोण गेलं, कोण ऱ्हायलं... समजतं.

चिहारू: वुलान, कळतंय मला! सगळं कळतंय गं!

वुलान: माझ्याशी नका बोलू. तिकडे, तिकडे!

चिहारू: हं, बाबा. अस्सं.

तोकुजी: तुझी आई... असंच करायची. मी दोर गुंडाळत बोलायचो. ती तांदूळ धूत... हं, हं.

चिहारू: हं...

तोकुजी: ती गेली. मग बोलायचं कुणाशी? तर ही पोरगी आली. हिला आधी... कायबी कळत नव्हतं.

वुलान: अय्या! आजोबा, तुम्हाला माहीत होतं?

तोकुजी: तोंडावर दिसायचं की! पण... ऐकत होती.

चिहारू: मग मी इथलीच सही करते, बाबा.

तोकुजी: कर. पण लगेच उठू नको. तीनला वेळ हाय... अजून सांगायचंय.

चिहारू: हं.