उद्या गल्लीत डांबर

नगरसेवक नत्थूजी भाषणाला उभे राहिले की गोळीबार चौकातली कबुतरं उडून थेट उमरेडला जाऊन बसत. पण त्या सकाळी महापालिकेकडे जाणाऱ्या बसमध्ये ते श्वाससुद्धा जपून घेत होते. पुढच्या बाकावर त्यांच्याच कोष्टी गल्लीतल्या विणकर पुष्पलता आणि तुळजाबाई बसल्या होत्या, आणि मागे कोण आहे हे दोघींना ठाऊक नव्हतं.

"तुळजाबाई, उद्या डांबर पडते. मंग लुगड्याच्या सुताचा ताणा कुठं पसरवाचा वं?"

"गल्लीतच. आजवर कुठं पसरवला?"

"डांबरात ताण्याचे खुंटे ठोकशीन का? माग बंद पडतीन साऱ्यायचे."

"रस्त्याच्या अर्जावर तूच पहिला अंगठा देल्ता ना."

"चिखल जाईन म्हनून देला. खुंटे जातीन, हे कोनं सांगतलं?"

"मंग नत्थूजीले सांग."

"कसं सांगू? तीन वर्षं मोर्चे काढले त्यानं. पोरीचं लगन जमल्यासारखा हासून राहिला बिचारा."

"मंग काय करतं?"

"पहाटेच साऱ्याजनी गल्लीभर ताणे लावून बसतो. रोलर थांबन."

"आन् नत्थूजी?"

"तो रोलरसमोर बसन. त्याले आदत हाय."

"रोलर त्यानंच बलावला, बाई."

"म्हनून तं मले झोप नाही."

"पहिला ताणा कोन लावन?"

"मैनाबाई."

"त्याची बायको?"

"तिनंच तं ठरवलं. त्याले अजून सांगतलं नाही."

महापालिकेचा थांबा आला. नत्थूजी पुढे वाकले आणि जन्मात पहिल्यांदा हळू बोलले.

"पुष्पलताबाई, एका बाजूनं किती हात माती सोडली, तं ताणा मावन?"