बोटीवर एकच आवाज

नाही हो, ती नव्हे, ती न्यूझीलंडवाल्यांची. आमची तिच्या मागची — शिडावर निळा पट्टा आहे बघा, ती. ‘कोकाल’. द्या बघू जरा ती दुर्बीण, खाऊन टाकत नाही मी. — हां. सुकाणूवर उभी आहे ना, टोपीतून केसांची शेपटी बाहेर काढलेली? ती माझी मुलगी. इलेनिया. आणि तिच्या पाठीशी तो लुकडा बसलाय ना, तुल्लियो, लिव्होर्नोचा — ती जागा माझी. म्हणजे होती. गेल्या उन्हाळ्यापर्यंत होती. वारा कुठून येतोय ते बघायचं, कुठल्या अंगानं जायचं, कधी वळायचं, ते तिला सांगायचं. अहो उठताय कुठे? बसा की! शेवटची शर्यत आहे, दोघींचे गुण सारखे, आज जी पुढे येईल तिचा चषक. आणि आमची जिंकली, तर हीच माणसं हिवाळ्यात ऑकलंडच्या शर्यतीला जाणार, अशीच्या अशी. तुल्लियोसकट. — मी? मी काय, मी इथे बाकावर बसून ऊन खातोय. मजेत आहे.

मला वजनापायी उतरवलं. हसू नका, खरंच. आमच्यात बोटीचं वजन राहू द्या, माणसांचंच करतात — सगळी मंडळी शर्यतीआधी काट्यावर, एकामागून एक, अर्ध्या चड्डीवर, आणि सगळ्यांचं मिळून वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं की एकानं घरी जायचं. मग आदल्या आठवड्यात बघावं एकेकाला! ब्रेडकडे असे बघतात, जशी परक्याची बायको. मीही सोडलं सगळं. पास्ता सोडला, वाइन सोडली, आमची ही, लिव्हिया, म्हणाली, नेरेओ, तुझी पँट आता तुझ्यामागून चालत येते. — काय म्हणता? बसलो का वजनात? बसलो की. आरामात बस— बरं, ते जाऊ द्या. वारा बघा, वारा पडला.

पडलाच. शिडं बघा कशी लोंबतायत. आता खरी गंमत. आता एक बाजू निवडावी लागते — उजवीकडे मिरामारेचा किनारा धरून यायचं, नाहीतर डावीकडून, मुज्जाच्या अंगानं. बोरा म्हणजे आमचा इथला वारा, तो डोंगरावरून उतरतो, आणि आधी उतरतो मिरामारेकडे. हे इथल्या मांजरालाही ठाऊक आहे. पण तुल्लियोला कोण सांगणार? बोलतच नाही तो माणूस! बघा, ओठ तरी हलतायत का? अख्ख्या दिवसात वीस शब्द बोलत असेल, तेही जेवण मागायला. आणि पोरीला तेच आवडतं. म्हणे, बोटीवर एकच आवाज हवा. नियमच आहे तसा, म्हणजे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात — वारा सांगणारा बोलतो, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप. बरं, मग वारा सांगणारा मीच होतो ना? मी बोलायचं नाही तर काय भजनं म्हणायची? — हो, थोडं जास्त बोलायचो. शिडाच्या दोरीवाल्याला सांगायचो, पुढच्या पोराला सांगायचो, समोरच्या बोटीवाल्यांनाही दोन शब्द. घरी जेवताना तिनं काटा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘‘पापा, तुमच्या आवाजात मला वारा कळत नाही.’’ आईच्या देखत! आठ वर्षांची होती तेव्हा मीच बसवलं तिला सुकाणूवर, डोळे मिटायला लावले, म्हटलं गालावर कुठे गार लागतंय ते सांग. — आणि मग बोटीच्या मालकाला फोन केला तिनं. मालक बिचारा मला म्हणाला, वजनाचं कारण सांगू या, नेरेओ, बरं दिसतं.

सांगून बसलो तुम्हाला. लिव्हियालाही नाही सांगितलं, ती होती तिथे म्हणून तिला माहीत आहे एवढंच.

हरावी असं नाही म्हणत मी, हां. बाप आहे मी तिचा. जिंकावी. पण समजा — समजा हो — केसभरानं हरली, कोणाला लागलं नाही, शीड फाटलं नाही, तर मालक काय म्हणेल? म्हातारा हवा होता, म्हणेल. म्हणेल की नाही? बोला ना! — अरे देवा, मी हे काय बोलतोय.

थांबा थांबा थांबा. आली. धक्क्याजवळ आली, बघा किती जवळ, दुर्बीण नकोच, चेहरा दिसतोय. इथून वळणार ती, एक बाजू धरणार आणि मग थेट शेवटची रेघ. न्यूझीलंडवाले चालले मिरामारेला, शहाणे आहेत, कोणीतरी शिकवलंय त्यांना. जा पोरी, त्यांच्यामागे जा, उजवीकडे — आवाज पोचेल हो, इथून नक्की पोचेल! — पण बोलता येत नाही. किनाऱ्यावरून कोणी सल्ला द्यायचा नाही, ऐकला पंचांनी तर बोटच बाद. धरा माझा दंड. अहो दाबून धरा, लाजताय काय! नाहीतर सुटेल माझ्या तोंडून, मला माहीत आहे माझं तोंड — वळली. कुठे? डावीकडे? मुज्जाला? अगं वेडे! अगं तिकडे काय आहे, तिकडे कोण म्हातारी तुझी वाट बघतेय! संपलं. गेला चषक. सोडा माझा हात.

सोडा म्हटलं ना. —

हे काय? न्यूझीलंडची शिडं का फडफडतायत? तिथे तर वारा... पाणी बघा त्यांच्याभोवती, तेल ओतल्यासारखं. आणि आमच्याकडे, वाऱ्यानं काळं पडलं पाणी, मुज्जाकडून, आजवर कधी — बोट कलली! धावतेय! द्या ती दुर्बीण. — कोणी काही बोलत नाहीये बघा तिच्यावर, सगळे कडेला ओळीनं बसलेत, मुके, आणि तिचे डोळे... तिचे डोळे मिटलेले आहेत हो.

गेली. रेघ ओलांडली. भोंगा तिच्यासाठीच होता, नाही का? पहिली.

मी तिथे असतो तर ओरडलो असतो, उजवीकडे. आणि तिनं ऐकलं असतं. बापाचं ऐकतेच ती, लहानपणापासून. ऐकलं असतं आणि हरली असती.

जा तुम्ही आता. नाही, काही बोलू नका. मलाही नका विचारू काही. जरा —